अनोळखी प्रकाशक

खासबागेत रात्री दहाला माग थांबतात
तेव्हा माझ्या लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो,
घसा बसलेल्या माणसासारखा.

प्रोग्राम माझा आहे. म्हणजे कुणाचाच नाही.
पाहा, बदला, वाटा,
पहिल्याच ओळीत लिहून ठेवलंय.
साडीच्या काठाचं चित्र द्यायचं,
तो जकार्डच्या पत्त्यावरची भोकं मोजून देतो.
पण भोकं पाडणारं यंत्र सुरतेहून आलेलं
आणि ते बोलतं फक्त विंडोजशी.
दोघांमधला दुभाषा ज्या कंपनीनं लिहिला
ती बंद पडून सहा वर्षं झाली,
कुलूप तेवढं मागं राहिलं.

म्हणून भाड्याच्या जागेत बांधतोय
सगळ्यांसाठीचं घर.
माझी तिरकी रेघ उजवीकडे झुकते, मालकाची डावीकडे.
ओळ संपली की मी एक खूण ठेवतो, त्याला दोन लागतात.
फोल्डरला नाव दिलं 'काठ',
त्यानं तीन प्रश्नचिन्हं परत केली.
रोमनमध्ये लिहिलं, मग चाललं.
आता ते वाचताना 'कथ' होतं.

गुळेदगुड्डचा शरणबसू, कधी भेट नाही,
तो खणाच्या घरातला, मी काठाच्या,
मध्यरात्री एक ओळ दुरुस्त करून पाठवतो.
खाली कन्नडमध्ये: माझ्याकडं चाललं, तुझ्याकडं बघ.
माझ्याकडं चालत नाही.
त्याचं नाव यादीत त्याच्याच लिपीत घातलं,
यादी उघडली तर
नावाच्या जागी सात रिकामे चौकोन.

काल वडगावात, कल्लाप्पा धामणेकरांच्या माडीवर,
पेन ड्राइव्ह लावला
आणि निळी पाटी आडवी आली.
तुमच्या संगणकाचं रक्षण केलं आहे.
प्रकाशक: अनोळखी.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"अनोळखी कोण? तू?
अरे, सांग की त्याला,
तुझ्या बारशाला पेढे मी आणल्तो."
"त्याला सांगता येत नाही, अण्णा."
"मग कुणाला सांगायचं म्हणे?"

सांगायचं असतं एका लांबच्या कचेरीला,
दर वर्षी, डॉलर मोजून.
तेवढ्यात सहा साड्यांचं रेशीम येतं.
तेही केलं एकदा, उसनवारी करून.
दाखल्यावर मराठीत मी सुळगेकर,
रेशनकार्डावर कन्नडमध्ये सुळगी,
आधारवरच्या इंग्रजीत एक ए जास्त.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
या तीन व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध होत नाही.

कधी कधी मलाही होत नाही.

पाटीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात,
'अधिक माहिती' असतं.
त्यावर बोट ठेवलं की खालून निघतं
'तरीही चालवा'.
अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं,
"हे बरं लिवलंय," म्हणाले, आणि दाबलं.

यंत्र खडखडलं. पत्ते पडू लागले,
एक, दोन, चाळीस,
रुईफुलाचा काठ, अण्णांच्या वडिलांच्या हातचा,
दोनशे बारा पत्त्यांपर्यंत
माझ्याच्यानं श्वास सोडवेना.
दोनशे तेराव्याला पडदा निळा.
अद्ययावत करत आहोत.
वीज नव्हती गेली. बेळगावात वीज होती,
आणि मी त्याला विचारलंही नव्हतं.

मी काहीतरी वाईट बोललो, बहुतेक कन्नडमध्ये.
अण्णा काही बोलले नाहीत.
फळीवरच्या डब्यातून दाभण काढलं,
लाकडाचा ठोकळा काढला,
भिंतीवरचा चौकटींचा कागद माझ्या मांडीवर ठेवला.
"वाच."

मी वाचत गेलो.
भोक. कोरं. भोक. भोक. कोरं.
ते ठोकत गेले, प्रत्येक वेळी
जिभेचं टोक दातात धरून.
कुणी कुणाला परवानगी मागितली नाही.

खाली चहावाल्यानं फळी लावली.
पडद्यावर एक्क्याऐंशी टक्के,
कृपया संगणक बंद करू नका.
दोनशे चौतीस, अण्णा म्हणाले, पुढचा.